नातवाचं शून्य आणि शाळेचं ४९५

पत्र:

माझा नातू सहावी पास झाला, जूनमध्ये सातवीत जाईल. सुट्टीला आमच्याकडे चिपळूणला आलाय. शाळेने सुट्टीचा अभ्यास म्हणून गणिताचे दहा प्रश्न दिलेत. सहा त्याने पटापट सोडवले. सातवा असा आहे: ‘कोणतीही तीन अंकी संख्या घ्या. तिचे तिन्ही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हेच करा, करत राहा. शेवटी काय मिळते? नेहमी तेच मिळते का? का?’ त्याने पाच-सहा संख्या घेतल्या, दर वेळी ४९५ वर गाडी थांबली. मग ५४४ घेतली, तर शून्य आलं. पुन्हा पुन्हा करून बघितलं, शून्यच. त्याचा मामेभाऊ इंजिनिअरिंगला आहे. त्याने मोबाईलवर एआयला विचारून पानभर उत्तर पाठवलं. त्यात ए, बी, सी अशी अक्षरं आणि खाली ‘म्हणून उत्तर नेहमी ४९५’. नातू म्हणतो, ‘मग माझं शून्य कुठून आलं?’ आणि वही मिटून बसलाय. सून फोनवर म्हणते, ‘बाबा, ते उत्तर उतरवून काढू दे त्याला, विषय संपवा.’ मी जुनी अकरावी, एसटीत कंडक्टर होतो. हिशेब पक्का आहे, पण ही अक्षरं डोक्यावरून जातात. मी मदत करावी का? आणि करायची तर कशी?
— एक आजोबा, चिपळूण

उत्तर:

आजोबा, नमस्कार.

उतरवून काढू देऊ नका. सूनबाईंचं म्हणणं मी समजू शकते. नोकरी सांभाळून फोनवरून मुलाचा सुट्टीचा अभ्यास उरकायचा म्हटलं की कोणीही हेच म्हणेल. पण तुमच्या नातवाने जे विचारलंय, ‘मग माझं शून्य कुठून आलं?’, ते त्या कागदावरच्या दहाही प्रश्नांपेक्षा चांगलं आहे. आणि मामेभावाने पाठवलेल्या पानात त्याचं उत्तर नाही. ते पान म्हणतं ‘नेहमी ४९५’. पोराच्या वहीत शून्य आहे. म्हणजे एक तर पान खोटं किंवा वही खोटी, असं त्याच्या मनात बसलंय. अशा वेळी पानावरचं वहीत उतरवायला लावणं म्हणजे ‘तुझ्या डोळ्यांनी बघितलंस ते सोड, छापील आहे ते मान’ असं सांगणं. गणितात तरी हे शिकवू नये.

आधी त्या शून्याचा छडा लावू. हे तुमच्यासाठी लिहिते आहे. त्याला लगेच वाचून दाखवू नका.

त्याने ५४४ घेतली. उतरत्या क्रमाने ५४४, चढत्या क्रमाने ४४५. वजाबाकी ९९. पुढे त्याने ९९ उलटसुलट लावली, दोन्हीकडून ९९च, वजा केली, शून्य. वजाबाकी चोख आहे, म्हणून तर कितीदाही केली तरी शून्यच येणार. गोम दुसरीकडे आहे. खेळ तीन अंकांचा चालला होता आणि मधेच एक अंक गळाला. ९९ ही संख्या इथे ०९९ अशी धरायची: शतकाच्या घरात शून्य, दशकात ९, एककात ९. मग उतरत्या क्रमाने ९९०, चढत्या क्रमाने ०९९. वजाबाकी ८९१. पुढे ९८१ उणे १८९ म्हणजे ७९२. मग ६९३. मग ५९४. मग ४९५. शेवटी ९५४ उणे ४५९ पुन्हा ४९५, आणि तिथून गाडी हलत नाही. म्हणजे ५४४ सुद्धा ४९५ लाच पोचते, फक्त सगळ्यात लांबच्या रस्त्याने: सहा वजाबाक्या लागतात. सातवी कोणत्याही संख्येला लागत नाही.

यात नातवाचा दोष नाही, हे त्याला स्पष्ट सांगा. पुढचं शून्य धरायचं की सोडायचं, हे प्रश्नात लिहायला हवं होतं आणि ते लिहिलेलं नाही. एरवी वर्षभर आपणच मुलांना सांगतो की संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते, ते लिहू नये. त्याने शिकवलेलं पाळलं. प्रश्नच अर्धवट होता.

आता वही उघडायची कशी. रुसलेल्या पोराला ‘चल, तुझी चूक कुठे झाली बघू’ म्हटलंत तर तो आंब्याच्या झाडावर जाऊन बसेल. उलट म्हणा, ‘हे ५४४ बरोबर मोडलंस तू. अशीच शून्यावर जाणारी आणखी एक संख्या शोधून दे बघू.’ नियम मोडायला सांगितलं की या वयाची मुलं पेन्सिल घेऊन लगेच बसतात. त्याला सापडतील: २११, ७७६, ३२३, १००. चार-पाच सापडल्या की त्या एकाखाली एक लिहायला लावा आणि विचारा, ‘या सगळ्यांच्यात सारखं काय आहे?’ थोडा वेळ लागेल, लागू दे. त्याला दिसेल की या प्रत्येक संख्येत सगळ्यात मोठा अंक आणि सगळ्यात लहान अंक यांच्यात फरक एकाचा आहे. असा फरक असला की पहिली वजाबाकी ९९ येते. नसला की येत नाही. मग तुम्ही सहज विचारा, ‘तीन घरांचा खेळ होता, ९९ आली तेव्हा शतकाच्या घरात कोण राहत होतं?’ पुढचं तो स्वतः करेल.

तुम्ही कंडक्टर होतात, तर हे तुम्हाला नवीन नाही. रात्री डेपोत वेबिल जुळलं नाही की आकडे पुसून जुळवून टाकत नव्हतात. कुठल्या तिकिटाचा सुरुवातीचा नंबर काय, शेवटचा काय, हे एकेक बघत मागे जायचात, आणि जिथे फरक पडला तिथे बोट ठेवायचात. नातवाबरोबरही एवढंच करायचं आहे. फक्त बोट त्याचं असू दे.

आता ‘का?’ याकडे येऊ. खरी मेख इथे आहे आणि मामेभावाची अक्षरंही इथेच येतात. पण त्यांच्यावाचून काम भागतं. सातवीत जाणाऱ्या मुलाला हातच्याची वजाबाकी येते, तेवढी पुरे.

त्याला ८३१ उणे १३८ मांडायला सांगा, आणि करताना मोठ्याने बोलायला सांगा. एककात १ मधून ८ जात नाहीत, म्हणून दशकातला एक सुटा केला, ११ मधून ८ गेले, उरले ३. दशकात ३ होते, एक दिला म्हणून २ राहिले. त्यातून ३ जात नाहीत, शतकाकडून घेतला, १२ मधून ३ गेले, उरले ९. शतकात ८ चे ७ झाले, त्यातून १ गेला, ६. उत्तर ६९३. आता मधला अंक बदलायचा. ८५१ उणे १५८ करा. पुन्हा ६९३. ८६१ उणे १६८ करा. पुन्हा ६९३. इथे थांबा आणि काही बोलू नका.

त्याच्या डोक्यात प्रश्न येईलच: मधला अंक काहीही घेतला तरी फरक का पडत नाही? त्याच्या स्वतःच्या तोंडच्या वजाबाकीतच ते आहे. दशकाच्या घरात वरही तोच अंक, खालीही तोच. पण वरच्याने एककाला एक देऊन टाकला, म्हणून तो नेहमी एकाने कमी पडतो. कमी पडला की शतकाकडून दहा येतात, आणि दहातून एक कमी म्हणजे ९. म्हणून पहिल्या वजाबाकीपासूनच मधे कायम ९ येतो, मग संख्या कोणतीही असो. दोन्ही कडांचे अंक मिळवले की तेही ९ होतात: ६ आणि ३. हे त्याला आधीच्या सगळ्या उत्तरांवर तपासून बघू दे. वहीत त्याने केलेल्या जुन्या वजाबाक्या आहेतच.

एवढं हाती आलं की मैदान एकदम लहान होतं. तीन अंकी संख्या एकूण ९००, त्यातल्या १११, २२२ अशा नऊ वगळल्या तर उरतात ८९१. (हा ८९१ वरच्या साखळीतही आहे, निव्वळ योगायोग, पण मुलांना अशा गोष्टी फार आवडतात.) या ८९१ पैकी कोणतीही घ्या, पहिल्या वजाबाकीनंतर नऊच उत्तरं शक्य आहेत: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. दहावं उत्तर येऊच शकत नाही. आता या नऊ संख्या पानावर लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे बाण काढून तिच्यावर तीच क्रिया केल्यावर काय येतं ते लिहायचं. ०९९ चा बाण ८९१ ला जातो, ८९१ चा ७९२ ला, ७९२ चा ६९३ ला, ६९३ चा ५९४ ला, ५९४ चा ४९५ ला, आणि ४९५ चा बाण वळून स्वतःकडेच येतो. राहिले तीन: १९८ मध्ये ८९१ चेच अंक आहेत, म्हणून तिचाही बाण ७९२ ला. तसंच २९७ चा ६९३ ला, ३९६ चा ५९४ ला. सगळे रस्ते ४९५ ला.

झालं. हे नुसतं उदाहरण नाही, ही पूर्ण सिद्धता आहे. पाच-सहा संख्या घेऊन ‘येतं बुवा’ म्हणणं वेगळं आणि एकही वाट न सोडता सगळ्या बघितल्या म्हणणं वेगळं. हा फरक सूनबाईंनाही सांगा. आणि त्यांना वाटलं की यात काय एवढं, नेहमीच काहीतरी ठरलेलं येत असणार, तर नातवाला दोन अंकी संख्या घ्यायला सांगा आणि फोनवर आईला करून दाखवू दे. ०९ पासून निघा: ९० उणे ०९ म्हणजे ८१. पुढे ६३. पुढे २७. पुढे ४५. पुढे पुन्हा ०९, आणि परत तोच फेरा. दोन अंकांत थांबणारी संख्याच नाही, गाडी गोल फिरत राहते. म्हणून ‘नेहमी तेच मिळते का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायला काहीतरी आधार लागतो.

बाणांचं पान तयार झालं की मगच मामेभावाचा कागद बाहेर काढा. त्यातल्या ए, बी, सी म्हणजे मोठा, मधला आणि लहान अंक, एवढं सांगितलं की पुरे. त्यात कुठेतरी ‘९९ गुणिले (ए वजा सी)’ असं लिहिलेलं असणार, आणि बी नाहीसा झालेला असणार. मधला अंक कुठे गेला हे तुमच्या नातवाने हाताने करून बघितलंय, त्यामुळे ती ओळ त्याला वाचता येईल. कदाचित तुम्हालाही. त्याला म्हणा, ८ आणि १ यांतला फरक ७, ९९ साती किती? ६९३. जुळलं.

एआयबद्दल तुम्ही थेट काही विचारलं नाहीत, पण पत्रात नाराजी दिसते. माझी एआयला हरकत नाही. हरकत आहे ती काय विचारलं याला. मामेभावाने शाळेचा प्रश्न विचारला, नातवाचा विचारला नाही. पुढच्या वेळी नातवाने स्वतः टाईप करावं, तेही आधी काय केलं ते सगळं सांगून: ‘मी ५४४ घेतली, ५४४ वजा ४४५ बरोबर ९९, मग ९९ वजा ९९ बरोबर ०. माझं कुठे बिनसलं? उत्तर सांगू नकोस, फक्त कुठे बघायचं ते सांग.’ असं विचारलं की कामाचं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच वाढते. तरी ते यंत्र चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतं, तेव्हा जे सांगेल ते कागदावर पडताळायचं. हीच रीत बाईंना विचारताना, शिकवणीच्या सरांना विचारताना, शेजारच्या ताईला विचारताना. ‘मला सातवा येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला समोरचा माणूस अख्खा सातवा सोडवून देतो. ‘मी इथपर्यंत आलो, इथे अडलो’ म्हणणाऱ्याला तेवढाच धक्का मिळतो.

तुम्हाला बीजगणित येत नाही, याची मला तरी चिंता वाटत नाही. उलट ज्याला उत्तर येतं त्याला गप्प बसणं फार जड जातं. माझ्या ओळखीचे गणिताचे शिक्षक घरच्या मुलांना शिकवताना पाचव्या मिनिटाला पेन्सिल ओढून घेतात. तुम्ही पेन्सिलला हात लावू नका. शेजारी बसा, आणि खरोखर न कळल्यासारखं विचारा: हे कसं आलं? हे दुसऱ्या संख्येला केलं तर? हे शून्य का खाल्लंस? तो तुम्हाला समजावून सांगायला लागला की समजा काम झालं. आणि एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. एक दिवस शून्यवाल्या संख्या, दुसऱ्या दिवशी मधला अंक, तिसऱ्या दिवशी बाण. शाळा उघडायला वेळ आहे.

वहीत काय लिहायचं? माझं मत: ते शून्य खोडायचं नाही. ‘५४४ घेतल्यावर मला शून्य आलं. ९९ ला ०९९ असं लिहिलं तर ४९५ येतं. प्रश्नात हे सांगितलेलं नव्हतं.’ एवढं त्याच्या शब्दांत, मग शून्यावर जाणाऱ्या संख्यांची त्याची यादी, मग नऊ संख्या आणि बाण. बाईंना उत्तरपत्रिकेत छापलेलं हवं असेल आणि त्यांनी एखादा गुण कापला, तर कापू दे. बहुतेक शिक्षकांना मात्र पन्नास सारख्या वह्यांत अशी एक वही आली की बरं वाटतं.

एक गोष्ट त्याला रात्री जेवणानंतर सांगा. हा खेळ ज्यांनी शोधला ते आपल्याच कोकणपट्टीतले, डहाणूला जन्मलेले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा. फर्ग्युसनमध्ये शिकले, १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक. पदवीच्या पुढे शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही, कॉम्प्युटरचा तर प्रश्नच नाही. शाळा सुटल्यावर कागद-पेन्सिल घेऊन अंकांशी खेळायचे. १९४९ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की चार अंकी संख्येवर हीच क्रिया केली की शेवटी ६१७४ येतं. त्यांच्या आणखी एका प्रकारच्या संख्यांचं नाव ‘डेम्लो’ आहे, ते डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनावरून, कारण कल्पना त्यांना तिथे सुचली. आपल्याकडे बरीच वर्षं त्यांच्याकडे फारसं कोणी गांभीर्याने बघितलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग जगभर नाव झालं. १९८६ मध्ये ते वारले. आज ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

नातवाला चार अंकी करून बघायचं असेल तर ३५२४ घ्या. ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. दुसऱ्या पायरीला पुढचं शून्य आहे, ते त्याने आपण होऊन लिहिलं तर तुम्हाला कळेलच. चार अंकांतही सातपेक्षा जास्त वजाबाक्या लागत नाहीत, पण ते ‘का’ बरंच किचकट आहे, मागे लागू नका. शून्यात पाडणाऱ्या चार अंकी संख्या मात्र त्याला शोधू द्या. १११२ पासून सुरुवात करायला सांगा.

आठवा, नववा आणि दहावा प्रश्न कोणते, ते तुम्ही लिहिलं नाहीत. अडला तर जरूर पाठवा. पण पत्र या वेळी त्याने लिहावं, आणि कुठपर्यंत आला ते वहीतलं पान सोबत जोडावं.